एक वाटी कमी

मी आधीच सांगितलं होतं, हॉटेल बघ.
चार दिवस मला ओटा दिसायला नको,
सिंक नको, मिठाचा डबा कुठे गं, नको.
सकाळी कुणा परक्याने टोस्ट आणून ठेवावा,
मी तो अर्धा टाकावा आणि उठावं.

शिरीष हिशेबाचा माणूस.
लेस्टरच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर
त्याने एका पाकिटाच्या पाठीवर दोन रकाने आखले.
हॉटेल: खोल्या दोन, कारण केतकी आता सोळाची,
पार्किंग वेगळं, रात्रीचं जेवण वेगळं,
खिडकी चार बोटं उघडणारी.
घर: सगळं धरून दोनशे पौंड कमी,
शिवाय समुद्र. शिवाय, तो म्हणाला, आपल्यासारखं राहता येतं.
आपल्यासारखं म्हणजे कुणासारखं, ते मी विचारलं नाही.

व्हिटबीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता.
उतरत्या गल्लीत, दाराशेजारी एक लोखंडी डबी,
तिच्या पोटात किल्ली.
चार आकडे जुळवताना शिरीषची बोटं गारठलेली,
केतकी मोबाइलचा उजेड धरून उभी,
मला वाटलं, चोरीला आलोय सहकुटुंब.
'या' म्हणायला कुणी नाही.
आत मात्र उशीवर भरतकामात: स्वागत.

टेबलावर फाइल, पानं प्लास्टिकमध्ये घातलेली.
हिरवा डबा मंगळवारी, निळा एक आड मंगळवारी.
निघताना चादरी काढून ठेवाव्यात
(सफाईचे साठ पौंड घेतलेत, तरीही).
उग्र वासाचे पदार्थ कृपया टाळावेत.
शेवटच्या पानावर यादी: ताटं सहा, पेले सहा, वाट्या सहा.

दुसऱ्या दिवशी बंदरावरून वारा असा, की पाऊस आडवा.
मासे-चिप्सच्या रांगेतून भिजून आलो,
रात्री केतकीला कणकण.
आई, मुगाची खिचडी.
हॉटेलात हे मी कुणाला सांगितलं असतं?
डाळ बॅगेत होती. मीच भरली होती. विचारू नका.
मोहरी तडतडली, हिंग पडला
आणि छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं.
शिरीष खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय,
तेवढ्यात दारावर टकटक.

शेजारच्या डोरीनबाई. ऐंशीच्या पुढे, कोटाखाली नाइटगाऊन.
'जळलं नाही ना काही?'
मग नाक जरा वर करून, 'छे, हे जळलेलं नाही.'
उंबऱ्यावरच उभ्या राहून त्या सांगत राहिल्या,
इथे वॉल्टर राहायचा, खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करायचा,
माझी जादा किल्ली त्याच्याकडे असायची.
आता गल्लीत बारा दारं, त्यांतल्या नवांवर डब्या.
दर शुक्रवारी नवी माणसं.
चांगली असतात, म्हणाल्या,
नाव पाठ होईतो निघतात.
'माझी किल्ली आता माझ्याच पर्समध्ये.
मी आत पडले, तर पर्सही आत.'

मी वाटीभर खिचडी दिली, वर तूप.
ओटा माझा नव्हता. डाळ माझी होती.

शुक्रवारी दहाच्या आत निघालो.
चादरी काढल्या, घड्याही केल्या, सवय.
डबीवरचे आकडे शिरीषने विस्कटले.
डोरीनबाईंचे पडदे अजून ओढलेलेच.

सोमवारी मालकाचा निरोप. त्याला आम्ही कधी पाहिलं नाही.
पाहुणे उत्तम. स्वच्छता उत्तम.
वाटी एक कमी, चार पौंड.
शिरीषने भरले, आणि पाकिटाच्या पाठीवर मांडलेसुद्धा.
मी म्हणाले, हॉटेल असतं तर,
आणि पुढचं काही सुचेना.

वाटी रिकामी परत करू नये,
हे त्यांना कुणी शिकवलं असेल असं नाही.
पण मला दिसतं:
वाटी घासूनपुसून ठेवलेली, तिच्यात काहीतरी आहे,
चार बिस्किटं असतील,
आणि कोटाखाली नाइटगाऊन घालून
त्या दाराशी उभ्या, टकटक करतात,
आतल्या नव्या माणसांना विचारतात,
ही तुमची का?