रफार

बिरादारांची कावेरी दुकानात आली तेव्हा
मी अर्ध्या इंचाचे एल्बो मोजत होतो.
म्हणाली, काका, आठ दिवसांसाठी एक भिंत द्या.
भिंत कुठाय बाई, सगळे रॅकच.
ती वर बघत म्हणाली, मग बाहेरची द्या.

चौबाऱ्यापासून जुन्या अडतीपर्यंत सतरा दुकानं
आणि सतरा चित्रकार: बरेचसे शाळेत शिकवणारे,
एक बँकेत, एक अजून बारावीतच.
नाव ठेवलं होतं चित्रवाट.
रस्त्यावर गेरूचे बाण, पायरीपाशी आकडा.
आमचा अकरा.

सलूनमधलं चित्र मुद्दाम उलटं काढलेलं,
आरशात बघितलं की सरळ व्हायचं,
त्यामुळं दाढीला बसलेला माणूस उठेचना.
शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या इरफाननं
आपल्या मेलेल्या मशिनी चित्राखाली रांगेनं मांडल्या,
कुणी सांगितलं नव्हतं.
भांड्यांच्या दुकानात परातींच्या पाठीवर चेहरे होते.
एक परात पहिल्याच दिवशी गेली,
कुणाच्या तरी रुखवतात, चेहऱ्यासकट.

माझ्याकडं पोरं शिडीवर चढली, फ्लेक्स उतरवला.
मागून चिमण्यांच्या काड्या पडल्या, वीस वर्षांची धूळ पडली,
आणि निघाला आप्पांच्या काळातला पत्र्याचा बोर्ड.
निळ्यावर पिवळी अक्षरं, अक्षरांना लाल सावली:
श्री बसवेश्वर हाडवेअर.

हाडवेअर.
आप्पा म्हणाले होते, आधी रफार दे, मग राहिलेले दहा घे.
मेहताब पेंटर म्हणाला होता, आधी दहा द्या, मग रफार घ्या.
दोघंही शब्दाचे पक्के.
रोज सकाळी नमस्कार-सलाम व्हायचा, चहाही एकाच किटलीतला,
फक्त दहा रुपये आणि एक रफार
समोरासमोर बसून राहिले.
गाव आम्हाला हाडवाले म्हणू लागलं.
हजेरी घेताना मास्तर हसायचे.
आप्पा गेल्यावर मी फ्लेक्स लावला,
खरं सांगायचं तर शुद्धलेखनासाठीच.

कावेरीनं आपलं चित्र गुंडाळलं.
अकरा नंबरला हेच, म्हणाली.

माणसं यायची, मान वर करून बघायची, जायची.
दुकानात येऊन कुणी काहीच मागत नाही
याची सवय नव्हती मला.
एका बाईंना संकोच वाटला असावा,
जाताना त्यांनी दोन रुपयांचा वायसर घेतला.

सहाव्या दिवशी नातवाचा हात धरून
मेहताब पेंटर आला.
"बाण बघत बघत आलो बगा."
कॉलेजातली दोन पोरं त्यालाच समजावून सांगू लागली
की जुन्या काळी हातानं असं लिहायचे,
बघा, कानाची जाडी कशी सगळीकडं सारखी.
तो हूं हूं म्हणत ऐकत राहिला.
मग मला विचारलं, "शिडी हाय का?"
हार्डवेअरच्या दुकानात.

पिवळ्याचे तीन डबे उघडायला लावले, तिन्ही नापास.
शेवटी थोडा भगवा, थोडं रॉकेल,
झाकणात बोटानं कालवून रंग जुना केला.
कावेरी धावत आली, "चाचा, नका ना,
जसं आहे तसंच छान आहे."
"तुला छान हाय बेटा. मला अधुरं हाय."

खाली चौघांनी शिडी धरली होती,
तरी ब्रश हलत होता, शिडी नाही.
एकच फटकारा मारला.
रफार ड वर बसायचा,
तो ड आणि व यांच्या मधोमध जाऊन बसला,
सावली द्यायची राहिली.
आता ते हार्डवेअर आहे का हाडर्वेअर
ज्यानं त्यानं बघून ठरवावं.

मी गल्ल्यातून दहाचं नाणं काढून दिलं.
त्यानं ते उलटंपालटं केलं, म्हणाला,
"ह्ये गावात कुणी घेत न्हाई रं,"
आणि वरच्या खिशात टाकलं.