जरा धर

सभागृहाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात.
सभा साडेसातची. मी चाळीस खुर्च्या मांडल्या.
आलेल्या नऊ जणांनी मागच्या रांगा धरल्या
आणि पुढे एवढी जागा रिकामी राहिली
की जोडप्यांना नाचता आलं असतं.

हॅलिफॅक्सहून आलेल्या मुलीने नकाशा टांगला.
फंडीचं आखात, आमची खाडी, आमचा बांध,
आणि तीस वर्षांनंतरचं पाणी, फिकट निळं,
पाळणाघराच्या भिंतींना देतात तसल्या रंगाचं.
चहाच्या वेळी एकेक जण नकाशापाशी गेला.
आपापलं छप्पर शोधलं, बोट ठेवलं,
निळ्यापासून दोन बोटं लांब निघालं की
श्वास सोडला, बिस्किट घेतलं.
आर्सेन मेलान्सोंचं निळ्यात होतं.
तो म्हणाला, नकाशा जुना असणार.
मी बोट ठेवलं नाही. मला कप विसळायचे होते.

आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही.
दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोल भरताना
आम्ही फक्त तो विषय काढत नाही,
जसा बायकोसमोर कुणी
नवऱ्याच्या पिण्याचा काढत नाही.
सभ्यता आहे ती.
नाकातोंडात पाणी जाईतो टिकते.

एकतीस खुर्च्या मी न पुसताच घडी घातल्या.

युलाली सोनिये शाळेची बस चालवायची,
आता सत्तरीच्या पुढे आहे.
सोमवारी ओहोटी लागल्यावर ढकलगाडी घेऊन
ती बांधावर गेली आणि जुन्या झडपेतला गाळ उपसू लागली.
लाकडी झडप. भरतीला मिटते, ओहोटीला उघडते,
तिचं तिला सगळं कळतं,
फक्त तोंडात गाळ नको.

मला खिडकीतून दिसत होती.
सोमवारी वाटलं, दमेल.
मंगळवारी वाटलं, हे सरकारचं काम,
आणि सरकारचा रागही आला. रागाने बरं वाटलं.
बुधवारी मी पडदा ओढला.
गुरुवारी पडद्याआडून मोजत होतो: सोळा गाड्या.
सोळा गाड्यांनी समुद्राला काय फरक पडतो,
असं मी मोठ्याने म्हणालो. कुत्र्याला.

शुक्रवारी तिने दार वाजवलं.
सभागृहाच्या संडासाची किल्ली हवी होती.
ते कुलूप अडतं, म्हणून पायजम्यावर कोट चढवून
मीही बांधापर्यंत गेलो, उघडून दिलं,
किल्ली तिच्या हातात ठेवली.
तिने फावडं माझ्या हातात ठेवलं.
जरा धर, म्हणाली, आणि आत गेली.
वेळ लागला तिला, वय आहे.
नुसतं फावडं धरून उभा असलेला माणूस
किती मूर्ख दिसतो, ते उभं राहिल्यावरच कळतं.
मी एक फावडं गाळ काढला. मग आणखी एक.
पटण्या-न पटण्याचा यात काही संबंध नव्हता.

दुपारी आर्सेनचा ट्रक थांबला.
एकटं माणूस दिसलं तर लोक वेडं म्हणतात.
दोघं दिसली की म्हणतात, काम चाललंय,
आणि चाललेल्या कामात चुका काढायला उतरतात.
तोही चुका काढायला उतरला.
अंधार पडेपर्यंत काढत होता,
गुडघाभर चिखलात.

नोव्हेंबरच्या उधाणाला पाणी रस्त्यावर आलंच,
खोटं कशाला सांगू.
माझ्या तळघराच्या दोन पायऱ्या बुडाल्या.
पण मागच्या वर्षी पाच दिवस तुंबून होतं,
यंदा ओहोटीबरोबर झडपेतून
घोटाघोटाने निघालं, दुपारपर्यंत गेलंही.
आम्ही सात जण काठावर उभे होतो.
टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
युलाली म्हणाली, बिजागरी कुरकुरतेय, तेल आणा.

नकाशा अजून भिंतीवर आहे.
परवा कुणी नसताना मी बोट ठेवलं.
बोटाखाली निळंच होतं. मला माहीत होतं;
माहीत सगळ्यांनाच असतं.

संडासाची किल्ली तिने परत केलेली नाही.
मी मागितलेली नाही.