आठवं नळकांडं

वर्षातून दोनदा निघतो मी,
मे सरताना आणि ऑक्टोबर सरताना.
ट्रकमध्ये दोन जादा टायर, पाण्याचे चार कॅन,
तेलाचा डबा,
आणि बापाची काठी. सुरीने रेघा कोरलेली.

आठ दऱ्या, आठ नळकांडी पत्र्याची.
प्रत्येकात वाटीभर तेल घालून ठेवायचं,
नाहीतर पडलेला पाऊस
मोजायच्या आधीच ऊन पिऊन टाकतं.
तेल वर पसरून राहतं,
पाणी खाली दडून बसतं सहा महिने,
कुणाला न सांगता.

डोंगरांचं म्हणाल तर
ते इथे उभे नाहीत, बुडालेत.
स्वतःचाच चुरा गळ्याशी आलाय त्यांच्या.
ज्याला आम्ही दरी म्हणतो तो भराव आहे,
खाली अजून किती डोंगर आहे
ते विहीर खणणाऱ्यालाही लागलेलं नाही.
माझा बाप एलेउतेरिओ म्हणायचा,
पाण्याचा अंदाज डोंगराकडे बघून बांधू नकोस,
गाढवाच्या कानाकडे बघ.

रांगा सगळ्या उत्तर-दक्षिण,
कुणी नांगराचे तास घालत गेल्यासारख्या.
सरहद्द मात्र आडवी.
एकाही रांगेने त्यासाठी
अंग चोरलेलं मी पाहिलं नाही.

पहिल्या दरीत सात रेघा.
दुसरीत पाच, आणि तेलात चिकटलेला एक सरडा.
तिसऱ्या नळकांड्याला कुणीतरी गोळी घातली होती.
शून्य कसं लिहू? पाऊस आला असेल,
आरपार निघून गेला असेल.
मी लिहिलं, माहीत नाही.
ऑफिसातला पोरगा वैतागतो,
त्याच्या कॉम्प्युटरला ‘माहीत नाही’ चालत नाही.

चौथीकडे जाताना टायर बसला, त्यात दुपार गेली.

पाचव्या दरीत, बाभळीसारख्या काटेरी झाडाखाली
एक काळी प्लास्टिकची बाटली. रिकामी.
झाकण घट्ट लावलेलं,
पुढे कुठे पाणी मिळालंच तर हवी म्हणून.
आसपास मी बराच वेळ फिरलो. हाका मारल्या.
मग वहीत लिहिलं, दोन रेघा.
बाटलीसाठी त्या वहीत रकाना नाही.

सहा. सात. रात्र ट्रकमध्ये.

आठवं नळकांडं आता भिंतीपलीकडे.
यादीतून कधीच खोडलंय ते.
लोखंडी खांब, दोन खांबांत चार बोटांची फट,
त्या फटीत आधी धूळ दिसते,
मग शेळ्या, मग एर्मेलिंदा, माझी चुलतबहीण.
ती तिची काठी बुडवते आणि पळत येते,
पण ऐंशी पावलांत ओली खूण वाळून जाते,
म्हणून नखाने ओरखडा काढून आणते.
फटीतून तिची काठी माझ्या काठीला लावायची,
रेघेला रेघ जुळवायची.
इतकंच.

यंदा तिची काठी कोरडीच.
एवढंही नाही? मी विचारलं.
तिने जिभेचं टोक चावलं.
ऑगस्टमध्ये चांगला आला होता, म्हणाली,
पण तेल नव्हतं वर. उडून गेला सगळा.
आणि तेल?
कांदे परतले त्यात, तू काय करणार आहेस?

मी इतका हसलो की शेळ्या बिचकल्या.
मग डबा उचलला. डबा फटीतून जाईना.
आडवा नाही, उभा नाही.
शेवटी पत्र्याचा तुकडा पन्हळीसारखा दुमडला,
एक टोक माझ्या हातात, एक तिच्या,
आणि ओतत राहिलो हळूहळू.
तेल पलीकडे जायला फार वेळ लावतं.
तेवढ्यात तिने सांगितलं, थोरली शेळी व्यायली,
गुडघा दुखतो, आईच्या थडग्यावरचा क्रॉस
वाऱ्याने पडला होता, परत उभा केला.
वाडगा भरला. चार थेंब खांबावर ओघळले,
तिने ते बोटाने निपटून केसांना लावले.

परतताना समासात लिहिलं,
आठ. पाऊस आला होता, ऑगस्टमध्ये.
साक्षीदार एर्मेलिंदा.