पाऊणपट

नाट्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
रात्रपाळीला मी आणि कॉम्प्रेसर.
खाऱ्या टाकीत एकशे चाळीस डबे उभे,
गोठायला त्यांना अजून अख्खी रात्र लागेल.
मलाही.

टेबलावर लॅपटॉप,
चिपळूणच्या सायबर कॅफेवाल्यानं दुकान मोडताना विकलेला.
त्याच्यावर होडीचा एक खेळ बांधायला घेतलाय.
बांधायलाच. आयता उतरवलेला नाही.
कुठल्याशा थंड देशातल्या माणसांनी
फळ्या, खिळे, डांबर, सगळं उघड्यावर ठेवलंय
आणि खाली लिहिलंय : घ्या, बदला, पुढे द्या.
आमच्याकडे फाटकं जाळंही
कुणी इतक्या मोकळ्या मनानं देत नाही.

पहिला हुकूम दिला.
पडदा म्हणाला, अमुक लायब्ररी नाही.
ती आणायला गेलो, तिला तमुक हवी,
तमुकला आणखी एक, जुनी, नेमकी त्याच सालातली.
राजापूरच्या कचेरीत सातबाऱ्याला गेलं की असंच :
शिक्क्यासाठी सही, सहीसाठी साहेब,
साहेब रत्नागिरीला.
रेंज फक्त वजनकाट्याच्या खांबाशी,
म्हणून मोबाइल सुतळीनं खांबाला बांधून ठेवलाय.

समुद्र त्यांनी छान केलाय.
लाटा, फेस, पाण्यावर ढगाची सावलीसुद्धा.
पण भरती नाही, ओहोटी नाही,
बारा महिने पाणी एकाच रेघेला.
मागच्या साली मजीदचाचा सोलकरांना दाखवला,
तर म्हणाले, हे तळं आहे,
आणि चहा प्यायला उठले.

म्हणून पंधरा दिवस मी एकच गोष्ट लिहितोय,
चाचांनीच बोटांवर शिकवलेली :
तिथीची पाऊणपट कर, ती भरतीची वेळ.
अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ.
गुणिले शून्य पूर्णांक पंच्याहत्तर.
पहिल्यांदा कुणी मोजलं कोण जाणे,
त्याचं नाव कुठल्याच फायलीत नाही,
मी वर शेऱ्यात घातलं : मजीद तांडेल, नाटे.

अर्धविरामाचं बटण खाऱ्या हवेनं खाल्लंय
आणि या भाषेत जवळजवळ प्रत्येक ओळ
अर्धविरामावरच टेकते.
मी दुसऱ्याच्या ओळीतला उचलतो,
माझ्या ओळीला चिकटवतो, परत जातो.
मीठ उसनं देऊ नये म्हणतात.
मी मिठापायी उसनवारीवर आलोय.

दीड वाजता मेक म्हटलं.
सात टक्के. नऊ.
लॅपटॉपचा पंखा कोकलायला लागला
तेव्हा एक फुटकी लादी ओढली,
तिच्यावर बारदान, बारदानावर जर्मलचं ताट,
ताटात लॅपटॉप.
मालकांनी पाहिलं असतं तर लादीचे पैसे कापले असते.

एकोणचाळीसवर लाईट गेली.
बॅटरी कधीचीच मेलेली.
कॉम्प्रेसर थांबला, आणि कळलं
समुद्र भिंतीला किती लागून आहे.
जनरेटरला हँडल मारलं, पुन्हा मेक.
त्याचं एक बरं, बसवलेल्या फळ्या तो परत बसवत नाही.

अठ्ठ्याऐंशीवर चूक.
माझीच. ओळ बारावी, अर्धविराम नाही.
उसन्याचं असंच,
मोजून आणावं तरी एक कमी पडतो.

पाचच्या सुमाराला इन्स्टॉल.
पासवर्ड मागितला, दिला.
खेळ उघडला, अडखळत, दम लागल्यासारखा,
आणि जेटीच्या चार पायऱ्या उघड्या होत्या.
आज पंचमी. भरती पावणेचारला होऊन गेलेली.

चाचा बर्फ न्यायला आले, गमबूट, काखेत छत्री.
वाकून पाहिलं.
मग दारातून बाहेरच्या जेटीकडे पाहिलं,
ओठ हलवत पायऱ्या मोजल्या.
पुन्हा पडद्याकडे.
उतरतंय, म्हणाले.
मी गप्प.
कारखान्यात कुठंतरी थेंब पडत होता, बहुतेक ताटाखाली.
आणि गाळ कुठाय? चाचा म्हणाले.
भरती दिलीस, गाळ नको?
होडी रुतणार कशात?

आठ लाद्यांची पावती फाडली.
तिच्या मागं घाईघाईनं लिहिलं : गाळ.
टेम्पो चढ चढून गेला तेव्हा लक्षात आलं,
पावती त्यांच्याबरोबर गेली.