बेलसरे सांगायचा

परतवाड्याच्या चौकात बाबांनी
आपला सीटबेल्ट दोनदा खेचून पाहिला,
मग माझा.
मागे आई, मांडीवर पिशवी:
भाकरी, ठेचा, आणि लागलंच तर लिंबू.
गाडी सेकंडहँड. एलची पाटी मी कालच काढली.

धामणगाव गढीपर्यंत संत्र्यांचे बगीचे,
वाकल्या फांद्यांना बांबूचे टेकू,
ट्रॅक्टरमागे उडणारं सोयाबीनचं कुटार.
तोवर बाबा गप्प.
सपाटीवरच्या रस्त्याला ते रस्ता म्हणतच नाहीत.

पहिलं वळण आलं
आणि त्यांचा उजवा पाय
खालच्या मॅटमध्ये रुतला,
जिथे ब्रेक नव्हता.
"दुसऱ्यावर घे."
घेतला.
"हॉर्न."
दिला.
दरीनं तो जरा विचार करून परत केला.

एकवीस वर्षं या घाटात त्यांनी एसटी चालवली.
वळणांना नकाशात नावं नाहीत,
त्यांच्याकडे होती.
हे भुजाड्याचं: नवा ड्रायव्हर भुजाडे
इथवर आला आणि दुसऱ्याच दिवशी
बदलीचा अर्ज घेऊन डेपोत बसला.
एका वळणाला ते नुसतं "हे" म्हणाले.
आईनं पिशवीची गाठ सोडली, परत बांधली.
मी विचारलं नाही.

मोथा यायच्या आधी झाडं बाजूला झाली
आणि दरी एकदम उघडी पडली,
उतारावर जगनीची पिवळी शेतं,
पलीकडे डोंगरामागे डोंगर.
बाबा, बघा ना!
ते समोरच बघत होते. डांबराकडे.

"म्या दरी पाह्यलीच नाई व कधी,"
ते म्हणाले, जसं कुणी सांगावं
आज दाढी करायची राहिली.
"पाहत बसलो असतो त पन्नास माणसं खाली गेली असती.
बेलसरे सांगे ना."

बेलसरे, त्यांचा कंडक्टर. कोरकू, खटकालीकडचा.
तिकिटं फाडून झाली की
बॉनेटजवळ येऊन उभा राही आणि सांगे:
आज धुकं कमरेलोक हाय.
आज पळस पेटला.
खाली गवा उभा हाय, आपल्या गाडीएवढा.
आज काई नाई. नुसतं ऊन.

तेच बाबा रात्री आम्हाला सांगायचे,
ताट वाढून होईपर्यंत.
आम्हाला वाटायचं, हे त्यांनी पाहिलेलं.

वर पोचलो. गवळ्याची बाई खवा विकत होती.
भाव करता करता, माझ्याकडे न बघता आई म्हणाली,
"ने त्याईले."
कठड्याचा लोखंडी पाइप बाबांनी
दोन्ही हातांनी धरला, स्टिअरिंग धरतात तसा.
आणि आधी रस्ताच शोधला.
सापडला: कुणीतरी सोडून फेकलेली सुतळी,
तिच्यावर एक लाल ठिपका चढत होता.
"आता वळणावर हॉर्न देईन थो."
आम्ही थांबलो.
खूप खालून, बारीक, आला.
"उशिरा देल्ला."

मग मान वर केली. चष्मा काढला,
सदऱ्याला पुसला, लावला.
खवा घेऊन आई आली, उभी राहिली, तीही बोलली नाही.
"निळं म्हने थो," बाबा म्हणाले.
"निळं, बस. हे त चार-पाच निळे हायेत."
आणि बऱ्याच वेळानं,
"कमीच सांगतलं बेलसऱ्यानं."

उतरताना ऊन कललं. दरी आता त्यांच्या बाजूला.
त्यांनी सीट जराशी मागे सरकवली,
पाय मॅटवर सैल सोडले.
"तू इकडं पाहू नोको. रस्ता पाह्य."
आणि काचेला जवळजवळ नाक लावून
सांगायला लागले.
खाली एक तळं हाय. थाळीएवढं.
बगळे बसले. नाई नाई, गाई हायेत, पांढऱ्या.
सावली आता डोंगराच्या गुडघ्यालोक आली.

मी गाडी दुसऱ्यावर धरलेली,
डोळे डांबरावर.
हं, म्हटलं. पुढे?