तिसरं वळण

हॉइकच्या टेकडीखाली, ओढ्यापाशी, मी:
अंगात पिवळं जाकीट, हातात झेंडी.
काम एवढंच, पोरींना डावीकडे वळवायचं.

स्कॉटलंडच्या दोघी गेल्या, मग इंग्लंडचा घोळका,
छातीचे भाते फुललेले.
वेल्सची एक, चारशे बारा,
तिचा उजवा बूट चिखलानं गिळला.
अर्धा क्षण मान वळली. पाय नाही.

कोपरापर्यंत हात घालून मी तो उपसला,
सोडताना चिखलानं फच्‌कन शिवी हासडली.
आत अजून ऊब. जिभेखाली बॉलपेननं
एक नाव, खोडलेलं: एलेरी.
त्याखाली, लहान अक्षरात: लोव्री.

बूट जाकिटाच्या खिशात कोंबला.
शेवटची येईतो जागा सोडायची नसते.

आली ती, हिरव्या बनियनमधली, उत्तर आयर्लंडची,
कुशीत मूठ दाबून, चालल्यासारखी पळत.
"माझ्यामागे कुणी आहे?"

मागे टेकडी, तुडवलेलं गवत,
दोन मेंढ्या, त्याही बसलेल्या.

"आहेत की," म्हणालो. "पळ."

तिनं मागं वळून पाहिलं नाही.
तिलाही ठाऊक असावं.
खिशातला बूट गार होत चाललेला
आणि माझी झेंडी
अजून डावीकडे.