खूर

टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये, बारक्या कपाटात,
नाण्यांच्या शेजारी तो उभा असतो,
वीतभरही नाही, ब्राँझचा,
कमरेपर्यंत माणूस, कमरेखाली बोकड.
कुठून आला, नोंद नाही. वहीचं ते पान वाळवीनं नेलं.
कार्डावर मीच टाईप केलंय: सॅटर. ग्रीक. वनात राहणारा.
दारूच्या देवाचा सोबती.
एकवीस वर्षं रोज सकाळी मी त्याची काच पुसतो,
सहलींना तेवढंच सांगतो.
पोरं शेपटी बघून हसतात, मास्तर त्यांना पुढं ढकलतात.

मंगळवारी दुपारी धाकलू झोरे आला,
गगनबावड्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडा आहे, तिथून.
समोर सीपीआरमध्ये त्याचा भाऊ
आणि भेटीची वेळ चारची.
चपला बाहेर काढून आला, देवळात यावं तसा.
तलवारी बघितल्या नाहीत, तोफ बघितली नाही.
या कपाटापाशी घोंगडं सावरत उकिडवा बसला
आणि बाजारात जनावर बघावं तसं
बघत राहिला, खालून वर.

"खूर वाढल्यात ह्याचं," म्हणाला.
"वल्यात हुबा केलाय कुनी तरी लई दिस. छाटाय पायजेत."

मी होतं नव्हतं ते सांगितलं:
द्राक्षं, बासरी, बायकांमागं धावणं,
घोड्याच्या धडाचे त्याचे भाऊबंद,
जे दुसऱ्याच्या लग्नात पिऊन मारामारी करतात.
लग्नातली मारामारी त्याला पटली.
मग विचारलं,
"आनि ह्याला राखतंय कोन?"

एकवीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
कार्डावर त्याचा देव आहे.
धनगर नाही.

मग तो आपणहून बोलायला लागला, माझ्याशी नाही, काचेशी:
"गव्यानं धरला भावाला. करवंदीची जाळी, त्यात धुकं.
मी वरल्या सड्यावनं बगतोय.
शिंग हितं मांडीत शिरलेलं, निघंना.
ह्यो पडंना, त्यो सोडंना.
वर भाऊ, खाली गवा,
आनि चार पायांवर भाऊ पळतोय, हात पसरून.
मला वाटलं, देव झाला."

थांबला.
"मग वरडला. तवा परत भाऊ झाला."

पंखा फिरत होता, एका फेरीला एकदा खुट्ट करत.
मी समजत होतो, हे कुणी तरी निवांत बसून रचलं,
मांडवाखाली, गंमत म्हणून,
माणसाला पशू जोडला.
पण तिकडेही असेल एखादा सडा,
धुकं, कुणाचा तरी भाऊ,
आणि लांबून बघणारा एक जण,
ज्याचे पाय वेळेत पोचले नाहीत.
त्यानं घरी येऊन सांगितलं असेल जसं दिसलं तसं,
आणि ऐकवेना म्हणून ऐकणाऱ्यांनी
त्याच्या भावाच्या हातात बासरी दिली असेल.

चार वाजत आले. अभिप्रायाची वही पुढं केली, नियम आहे.
"तूच लिव," म्हणाला.
वर पुण्याच्या कुटुंबाचं होतं:
स्वच्छता चांगली, पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी.
त्याखाली मी लिहिलं, त्याच्या नावानं:
खूर छाटायला झालेत.

तो गेला. दारातल्या उन्हात
घोंगड्याखालचं काही दिसेना,
नुसतं टक् टक् ऐकू आलं फरशीवर.
काठी असणार.
मी उठून बघितलं नाही.